दिपोटी येणार!

शिक्षण खातं मुंबईला मंत्रालयात असतं आणि पुण्याला संचालकांच्या कचेरीत असतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्याआधी माझ्या लेखी ते वर्षातून एकदा नागावात यायचं. डोक्यावर टोपी, हातात छत्री आणि मागे दप्तराची पेटी घेतलेला शिपाई. हुद्दा डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर किंवा त्याचा असिस्टंट, पण एवढं लांब नाव अलिबागच्या किनाऱ्यावरच्या आमच्या अष्टागरात कोण उच्चारणार? सगळे 'दिपोटी' म्हणत. आमच्या आबांच्या आठवणींत कलेक्टर एखाद्या वाक्यापुरता यायचा, दिपोटी मात्र अख्खी संध्याकाळ घ्यायचा. पुढे मी स्वतः त्याच पंगतीत जाऊन बसले. जिल्हा परिषदेची शिक्षिका, मग केंद्रप्रमुख, शेवटी शिक्षण विस्तार अधिकारी. तेव्हा शिक्षण मंत्रालयाची कामं कोणती, असं कुणी विचारलं तर धोरणांची जंत्री माझ्या तोंडून निघत नाही. शाळेत वरून कोण येतं आणि येऊन काय बघतं, एवढाच इतिहास मला सांगता येतो. माझ्या मते खात्याचा खरा इतिहासही तोच आहे.

१८४० साली दोन गोष्टी घडल्या. कुलाब्याच्या आंग्र्यांची गादी औरस वारस नाही म्हणून कंपनी सरकारनं खालसा केली, आणि मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं गेलं. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण अलिबागच्या बाजूचा मुलूख नव्या सरकारकडे गेला तेव्हा त्या सरकारपाशी शाळांचा विचार करणारं एक मंडळ तयार होतं, एवढं खरं.

त्याआधी शाळा नव्हत्या असं नाही. पंतोजी होते. कुणाच्या पडवीत नाहीतर देवळाच्या ओट्यावर मुलं जमायची. धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, मग मोडी, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी करत औटकीपर्यंत घोकंपट्टी. पंतोजीला मोबदला म्हणून तांदूळ मिळायचे, आमच्या बाजूला नारळ-सुपारी, सणाला एखादं धोतर. त्याला वरिष्ठ कुणी नव्हता. मुलाला सुपारीचा हिशोब येईना तर बाप मुलाला काढून घ्यायचा, हीच त्याची तपासणी. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं १८२४ च्या सुमारास कलेक्टरांकडून अशा देशी शाळांची मोजदाद करवली. तिचे कागद पुढे रा. वि. परुळेकरांनी १९५१ मध्ये संपादून छापले. मुंबई इलाख्यातल्या सरकारचं शिक्षणातलं पहिलं मोठं काम म्हणजे ही मोजदाद, असं म्हणायला हरकत नाही. शाळा काढणं, पुस्तकं छापणं नेटानं नंतर आलं. आधी आकडे मागवले गेले. ही सवय खात्यानं आजतागायत सोडलेली नाही.

बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी. वरच्या वर्गाला इंग्रजीतून शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असं त्यांचं मत. नाना शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस मराठी-गुजरातीच्या बाजूनं उभे राहिले आणि १८४७ च्या सुमारास बोर्डात त्यावरून चांगलीच जुंपली. हा वाद आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतो. बोर्डानं तपासणीची व्यवस्थाही बसवली होती, ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात नसते. दक्षिण कोकणातल्या शाळा बघण्याचं काम 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांकडे होतं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवणारा, चार-पाच भाषा जाणणारा हा माणूस खाड्या ओलांडत गावठी शाळांतल्या पोरांचं वाचन ऐकत फिरायचा. १८४६ मध्ये, ऐन उमेदीत ते वारले. पहिल्या मराठी वर्तमानपत्राचा संपादक म्हणून त्यांचा दिवस आपण साजरा करतो. माझ्यासारख्या फिरतीवर आयुष्य काढलेल्या बाईला ते आमच्या खात्यातले वाटतात.

मग १८५४ चा वुडचा खलिता आला. त्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सार्वजनिक शिक्षण खातं सुरू झालं. वर डायरेक्टर, खाली विभागाचे इन्स्पेक्टर, त्यांच्या खाली डेप्युटी. पहिले डायरेक्टर अर्स्किन, मागून हॉवर्ड, मग सर अलेक्झांडर ग्रँट. ग्रँट पुढे एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख झाले. यांच्यापैकी कुणाला नागाव नकाशावर दाखवता आलं असतं की नाही, देव जाणे. पैशांचा प्रश्न आधी असा सोडवला होता की मास्तरचा अर्धा पगार गावानं द्यायचा आणि अर्धा सरकारनं. ज्या गावाला अर्धा पगार जमवता येईना त्या गावाला शाळाच नाही. १८६३-६४ पासून लोकल फंड आला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा ज्यादा पट्टी, तिचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना. म्हणजे बारा रुपये सारा भरणाऱ्या खातेदारानं बारा आणे पट्टी द्यायची आणि त्यातले चार आणे शाळेचे. २००४ मध्ये दिल्लीच्या सरकारनं करांवर दोन टक्के शिक्षण अधिभार लावला तेव्हा वर्तमानपत्रांना तो नवा वाटला. आमच्या पणज्यांनी तो साऱ्याबरोबर भरलेला होता.

भरलेल्या पट्टीचं पुढे काय होतं, हे सगळ्यात रोखठोक विचारलं ते जोतीराव फुल्यांनी. १८५२ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडीच्या हस्ते सरकारनं त्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला होता. म्हणजे हा टीकाकार परका नव्हता, स्वतः शाळा चालवलेला होता. ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्यांच्या कॉलेजांवर, हा त्यांचा मुख्य मुद्दा. दहापैकी नऊ गावांत शिक्षणाची सोयच नाही, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मास्तर शेतकऱ्यांतून घ्या, नांगराला हात लावायला न लाजणारे घ्या, शिकून आलेल्या मास्तरला निदान बारा रुपये पगार द्या, असं त्यांनी सांगितलं. हे सगळं भाषणांतून ऐकायला मिळतं. तपासणीबद्दलचा त्यांचा परिच्छेद मात्र मला कुणाच्या भाषणात भेटला नाही. देखरेख अगदी अपुरी आहे, डेप्युटीनं आगाऊ कळवून वर्षातून एकदा येण्याचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी एकदा तपासणी व्हावी आणि मधेमधे न कळवताही यावं, असं जोतीरावांचं म्हणणं होतं. मामलेदार-पाटलांवर हे काम सोपवू नका, त्यांना वेळ नसतो आणि त्यांची परीक्षा वरवरची असते, हेही त्यांनी बजावलं. प्रशासनाच्या प्रशिक्षण वर्गात हा उतारा लावायला हवा होता. आम्हाला प्रवास भत्त्याचे नियम शिकवले.

'आगाऊ कळवून' म्हणजे काय, ते आबांकडून ऐकलेलं आहे. ते शाळेत होते तो काळ १९३० च्या आसपासचा. दिपोटी येणार अशी चिठ्ठी आली की आठवडाभर शाळा शेणानं सारवली जायची. रहाट हाकायला, सुपारी वेचायला घरी ठेवलेली पोरं मास्तर स्वतः वाड्यांतून फिरून गोळा करून आणायचे. अष्टागरात शाळेचं खरं वैर रहाटाशी. विहिरीवरचा रहाट फिरवणाऱ्या जनावरामागे एक पोर लागतंच आणि ते पोर नेमकं तिसरी-चौथीतलं असतं. माडांना पाणी चुकवून चालत नाही, गणित चुकलं तर चालतं, असा सरळ हिशोब होता. तपासणीच्या दिवशी मात्र रहाट बंद. घरोघरच्या ठेवणीतल्या टोप्या बाहेर यायच्या. हुशार मुलं पुढच्या रांगेत आणि कच्ची मुलं मागे. (ही चाल मी तपासायला जायचे तेव्हाही तीच होती. म्हणून मी वर्गात शिरले की आधी मागे जाऊन बसायचे.)

दिपोटी अलिबागहून यायचा. अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा असा त्याचा दौरा असे, पलीकडे जायचं तर रेवदंड्याच्या खाडीतून होडी. आल्या आल्या शहाळं. मग खुर्चीवर बसून आधी हजेरीपट. हजेरीपटातल्या बेरजा आणि समोर बसलेली डोकी जुळतात का, ते बघायचा. पुढे वाचन, श्रुतलेखन, तोंडी हिशोब, पाढे. एखाद्याला उभं करून रुपयाला इतके नारळ तर इतक्या नारळांचे किती, असं विचारायचा. आबा सांगत, वाडीवाल्यांची पोरं इथे कधी अडली नाहीत. अडायची ती व्याकरणात. जेवणानंतर शेरेबुक. दिपोटी काय लिहितो हे मास्तर श्वास रोखून बघायचे, कारण बढती, बदली, दंड सगळं त्या चार ओळींत. तो गेला की रहाट सुरू.

हे ऐकून हसू येतं. तरीही मी या माणसाची बाजू घेईन. मुंबईचं सरकार आणि नागावचं पोर यांच्यात समोरासमोर बोलणं होण्याचा तेवढाच एक दिवस होता. तोही कधी कधी पैशानं बाटला. विलायतेत १८६२ मध्ये निकालावर अनुदान देण्याची पद्धत निघाली, ती ग्रँटसाहेबांच्या वेळी १८६५ नंतर आपल्याकडे खाजगी शाळांना लागू झाली. जितकी मुलं पास तितके पैसे. मॅथ्यू आर्नल्ड हा मोठा इंग्रज कवी पस्तीस वर्षं शाळातपासनीस होता. या पद्धतीनं शाळा यंत्र होऊन जाते, अशी तक्रार तो आपल्या अहवालांतून करत राहिला. पद्धत काढणारा खातेप्रमुख तिकडे, तिच्याविरुद्ध लिहिणारा कवी तपासनीस तिकडे, आणि त्यांच्या भांडणाची झळ पार हिंदुस्थानातल्या शाळांपर्यंत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनंच ती पद्धत टाकून दिली.

१९२१ मध्ये शिक्षण खातं पहिल्यांदा आपल्या माणसाच्या हाती आलं. मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये पडलं होतं. परांजप्यांच्या वेळी १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि शाळा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या. शाळा निवडून आलेल्यांच्या, तपासनीस सरकारचा. व्हायचं तेच झालं. मास्तरांच्या बदल्या हे गावच्या राजकारणाचं हत्यार झालं, आणि १९३८ ची दुरुस्ती व १९४७ चा नवा कायदा यांनी बराचसा कारभार पुन्हा सरकारी अधिकाऱ्याकडे ओढून घेतला. लोकांकडे द्यायचं, मग काढून घ्यायचं, मग १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा काढून पुन्हा द्यायचं. हा झोका अजून थांबलेला नाही.

त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोल्यांचा ठराव कायदेमंडळात मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे तो अस्पृश्यांना पाणवठे खुले करण्याचा ठराव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि महाड आमच्याच जिल्ह्यातलं. पण त्या ठरावात सार्वजनिक शाळाही होत्या. ओटीवर बसवलेली मुलं आत आली का, हे बघायला शाळेत जावंच लागतं. कागदावर ती कायम आतच असतात.

मी नोकरीला लागले तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. १९८१ मध्ये ते रायगड झालं आणि शाळेच्या सगळ्या शिक्क्यांवर पैसे खर्च झाले. दिपोटीची जागा तोवर पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यानं घेतली होती, त्याच्या वर गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, शिवाय शिक्षण सभापती. दिल्लीतही एक शिक्षण मंत्रालय आहे, हे आम्हाला सामान्यज्ञानापुरतं माहीत. शिक्षण राज्याचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तो समवर्ती सूचीत गेला, १९८५ मध्ये दिल्लीच्या मंत्रालयाचं नाव मनुष्यबळ विकास झालं, २०२० मध्ये पुन्हा शिक्षण. गावच्या शाळेला दिल्ली पहिल्यांदा दिसली ती १९८७ नंतरच्या खडू-फळा मोहिमेत. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्याची एक पेटी. साहित्य फार चांगलं होतं. इतकं चांगलं, की मुलांच्या हातून मोडलं तर साठा रजिस्टरात काय लिहायचं या भीतीनं पुष्कळ शाळांत ते कपाटात कुलूपबंद राहिलं. तपासणीत भिंगं, चुंबक, नकाशे सगळं शाबूत सापडायचं. शेऱ्यात मी लिहायचे, 'साहित्य न मोडल्याबद्दल खुलासा द्यावा.' वरच्या कचेरीतून विचारणा झाली, की हा विनोद आहे का. मी कळवलं, नाही.

१९९४ च्या सुमारास केंद्रप्रमुख ही जागा निघाली. दहा-बारा शाळांमागे एक, म्हणजे जोतीरावांनी मागितलेली वरचेवरची तपासणी शंभर वर्षांनी का होईना शक्य झाली. पहिली काही वर्षं आम्ही खरंच शाळांत बसलो. चौलच्या पूर्वेला डोंगराकडे एक कातकरी वाडी आहे. न कळवता गेले. पट बावीस, हजर सात. गुरुजींनी हजेरी खोटी मांडली नव्हती, पंधरा गैरहजर स्वच्छ लिहिलेले. दिवाळी झाली की आईबापांबरोबर पोरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. तेव्हाच्या नियमानं सततच्या गैरहजेरीवर नाव कमी करता यायचं. या गुरुजींनी कमी केलं नव्हतं. उलट रविवारी भट्टीवर जाऊन पाट्या देऊन येत होते, स्वतःच्या सायकलवरून, सादिलमध्ये न बसणाऱ्या खर्चानं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तपासणीच्या छापील तक्त्यात हजेरीची टक्केवारी होती, ती बत्तीस भरली आणि शाळा 'असमाधानकारक' ठरली. मी शेरेबुकात अर्धं पान लिहिलं. तक्ता वर गेला, शेरेबुक शाळेतच राहिलं.

मला वाटतं, खात्याची घडी नेमकी इथे चुकली. मोजणं आणि बघणं ही दोन्ही कामं खात्याचीच, आणि दिपोटी ती एकाच दिवशी करायचा. आधी डोकी मोजायचा, मग त्यांतल्या एकाला उभं करायचा. पुढे मोजणं फुगत गेलं. १९९५ मध्ये पोषण आहार आला, आधी महिन्याला तीन किलो तांदूळ, मग सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी. पोराच्या पोटात अन्न गेलं, याहून मोठं काम खात्यानं क्वचितच केलं असेल. पण त्याबरोबर तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांचा रोजचा ताळेबंद आला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, तीसामागे एक शिक्षक, या गोष्टी मुलाचा हक्क झाल्या. त्या कायद्याचं सत्ताविसावं कलम शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून अशैक्षणिक काम देऊ नका, असं सांगतं. माहिती भरणं अशैक्षणिक आहे की शैक्षणिक, हे मात्र कलमात नाही. शाळांची माहिती भरण्यासाठी यू-डायस आलं, २०१५ मध्ये सरल आलं. स्वच्छतागृहं किती, उतार आहे का, हात धुवायचे नळ किती, संरक्षक भिंत किती मीटर. केंद्रप्रमुखाचा दिवस शाळांकडून हे गोळा करण्यात जाऊ लागला. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी शाळेत गेले तरी मुलांऐवजी मुख्याध्यापकांच्या संगणकासमोर बसायचे.

नागावात आता रहाट नाहीत, पंप आहेत, आणि वाड्यांत पाहुण्यांच्या खोल्या. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मुंबई-पुणं उतरतं. पोरं इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये चढतात, आणि तालुक्यात गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट उतरतो आहे. पट घटला की संचमान्यतेत शिक्षक घटतो, शिक्षक घटला की पट आणखी घटतो. या चक्राला खातं 'समायोजन' म्हणतं.

शाळा रिकामी होते, पण शाळेचं एक कपाट मात्र भरलेलं राहतं. जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कारण. खात्यानं लिहिलेल्या कागदांपैकी लोकांना आयुष्यभर लागतो तो हाच. पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे, कारण त्या दिवशी मास्तरांना मूल सहा वर्षांचं करून घ्यायचं होतं. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. घरात तेवढा जुना कागद कुणाकडे असतो? मग नातू आजोबांच्या शाळेचा उंबरा चढतो. आजोबा दुसरीत शाळा सोडून रहाटावर गेलेले असले तरी चालतं, नाव घातलेलं असलं म्हणजे झालं.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती असलेली ही समिती पुढे सगळ्या राज्यासाठी झाली आणि गावोगावची जुनी दप्तरं उघडली. त्यात मोडी लिपी निघाली. मोडी वाचणारी माणसं शोधायची वेळ आली, कारण स्वातंत्र्यानंतर खात्यानंच ती अभ्यासक्रमातून काढून टाकलेली. मला आबांनी शिकवली होती. तालुक्यातला एक तरुण मुख्याध्यापक पाठीला सॅक लावून घरी आला, त्यातून कागद गुंडाळलेलं रजिस्टर काढलं. म्हणाला, "बाई, एवढं पान वाचून द्या, संध्याकाळपर्यंत तक्ता पाठवायचाय." पान सुरेख होतं, बोरूचं. वरच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही आणि हजेरी कमी असल्याबद्दल दोन ओळींचा शेरा, त्यात भातकापणीचं कारण नोंदवलेलं. मी सगळं वाचून दाखवलं. शेराही वाचला. त्यानं मोबाइलवर तक्ता उघडला. त्यात दोनच रकाने होते, तपासलेल्या नोंदी आणि आढळलेल्या नोंदी. पानावरच्या नोंदी मोजून त्यानं पहिला भरला, दुसऱ्यात शून्य घातलं आणि चहा घेऊन गेला.